खाली जग आहे, खणू नका

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पहिल्याच वाक्यात थाप झाली, ती आधी दुरुस्त करतो. मी दगड नाही. कंबरेएवढ्या उंचीचा, सिमेंटचा चौकोनी खांब आहे. पण सरकारी कागदात, कंपनीच्या यंत्रात आणि पाड्यावरच्या बोलण्यात मला दगडच म्हणतात. त्या तिघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असल्यामुळे मी ती मोडत नाही.

माझा जन्म बोईसरचा. कारखान्यांच्या पट्ट्यामागे एका मोकळ्या जागेत साच्यात सिमेंट, रेती आणि खडी ओतून आम्हा भावंडांना पाडत असत. तिथल्या हवेला रोज वेगळा वास यायचा आणि कामाला येणारी माणसं नुसत्या वासावरून आज बुधवार की गुरुवार ते सांगायची. साच्यातून काढल्यावर एकवीस दिवस आम्हाला रोज पाणी पाजलं. त्यानंतर पावसाळा सोडला तर माझ्याकडे एवढं लक्ष कुणी दिलेलं नाही.

मग आम्ही पांगलो. काही भाऊ कारखान्यांच्या कुंपणाला लागले. दोन केळव्याच्या वाडीत गेले, त्यांना टेकून पाहुणे फोटो काढतात. एक नवापूरला किनाऱ्यावर आहे, त्याच्या खांद्यावर जाळी वाळतात. मला मात्र रंगाऱ्याकडे नेलं. डोकं नारिंगी केलं, अंग पांढरं केलं आणि पोटावर काळ्या अक्षरांत लिहिलं : 'सावधान. खाली ऑप्टिकल फायबर केबल आहे. येथे खणू नका.' त्याच्या वर कंपनीचं चिन्ह काढलं. एक किरणांचा गोळा आणि शेजारी अर्धी कडी. याचा अर्थ 'आम्ही सारं जग जोडतो' असा आहे, असं रंगाऱ्याला सांगितलं. रंगाऱ्याने विचारलं, "कशाला?" त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही.

तेरा वर्षांपूर्वी मला टेम्पोत घालून मासवणच्या पुढे, मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आणलं. तिथे एक पाडा आहे. पाड्याच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, चिंधू आणि नवसी या नवराबायकोचा एक एकराचा उतरता तुकडा. वर खडक, खाली कोपऱ्यात एक उंबर. तारेसाठी चर खणायला ठेकेदाराने पाड्यावरचीच माणसं घेतली होती, त्यात चिंधूही होता. माणसाच्या छातीइतका खोल चर खणत खणत ती सगळी उंबराच्या अलीकडे आली आणि काळा पाषाण लागला. दोन दिवस पहारी वाकल्या, पाषाण वाकला नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमाने चर रस्त्याच्या पलीकडे नेला, तिकडून तार टाकली आणि पुढे दोन फर्लांगांवर पुन्हा अलीकडे घेतली.

राहिलो मी. मला कुठे पुरायचं?

चिंधू म्हणाला, "तार पलीकडं गेली, मंग दगड बी पलीकडंच लावा."

मुकादम म्हणाला, "कागज में इधर है. दगड इधरही लगेगा."

आणि मला उंबराच्या शेजारी, चिंधूच्या तुकड्याच्या कोपऱ्यात पुरण्यात आलं. खाली तार नाही, आणि पोटावर 'खाली तार आहे'. मित्रांनो, माणसं खोटं बोलायला काही वर्षं तरी घेतात. मी उभा राहिलो त्याच क्षणी सुरुवात केली.

पहिलं वर्ष साधं गेलं. शेळी बांधली जायची, ओलं लुगडं वाळत घातलं जायचं. मग वाघबारस आली. आमच्याकडे त्या दिवशी शिवेवरच्या वाघोबाला पुजतात, म्हणजे तो वर्षभर गुरांना सांभाळतो. वाघोबाच्या दगडावर वाघ कोरलेला असतो, आणि वर सूर्य आणि चंद्र. चिंधूची आई काशीबाई तेव्हाही डोळ्यांनी कमीच बघायची. तिने हाताने माझं तोंड चाचपलं. किरणांचा गोळा लागला. अर्धी कडी लागली.

"सूर्य हाय, चांद हाय," ती म्हणाली. "वाघ कुटं गेला?"

"आये, तो कंपनीचा दगड हाय," चिंधू म्हणाला.

"आसंल. देवाला काय, कुनाच्याबी दगडात बसंल." मग थोडा विचार करून, "वाघ काढायचा राह्यलाय बग यांचा. शहरातली माणसं, अर्धं काम टाकून जातात."

तिने घरातून गेरू आणला आणि 'येथे खणू नका'च्या खाली राहिलेला वाघ काढून दिला. नंतर शेंदूर लावला, नारळ फोडला. कंपनीचं काम त्या दिवशी पुरं झालं. तेव्हापासून मी दोन नोकऱ्या केल्या आहेत. कंपनीसाठी तारेवर, आणि पाड्यासाठी गुरांवर लक्ष ठेवायचं. तेरा वर्षांत वाघाने एकही जनावर नेलं नाही. तारेबद्दल मला काही सांगता येणार नाही, कारण ती माझ्या नजरेच्या टप्प्यातच नव्हती.

कंपनीकडून माझ्याकडे बघायला प्रफुल्ल येई. खानदेशातला मुलगा, बोईसरला खोली घेऊन राहायचा. मोटरसायकलवरून महिन्यातून एकदा येऊन माझा फोटो काढायचा, 'दगड जागेवर, तार सुरक्षित' असं बटण दाबायचा, आणि तो फोटो पाठवायला मागच्या टेकाडावर चढायचा, कारण माझ्यापाशी रेंज नव्हती. उतरला की नवसीच्या ओट्यावर बिनदुधाचा चहा.

"मावशी," एकदा तो म्हणाला, "त्या दगडाखालून आख्खं जग जातं."

"कुटं जातं?"

"वर अहमदाबाद, दिल्ली. खाली मुंबईच्या समुद्रात, तिथून पार परदेशात."

"मंग आमच्याकडं का नाय थांबत?"

"इथे थांबा नाही."

"येस्टीसारकं हाय का?"

"एसटी हात केला की थांबते, मावशी."

नवसीने यावर चहात थोडा गूळ जास्त टाकला. तिला त्याची दया आली असावी.

मित्रांनो, तुम्ही शाळेत विचाराल की हे जगाचं जाळं आहे कुणाचं. मी तेरा वर्षं त्याच्या चौकीवर उभा आहे, तेव्हा मला माहीत असायला हवं. माझ्या पोटावर जिचं चिन्ह आहे, ती कंपनी दुसऱ्या वर्षी दुसरीने गिळली. दुसरी कोर्टात गेली, ती तिथून परत आली नाही. तिसरी परदेशात असते. तिची चिकटपट्टी माझ्या पाठीवर उलटी लावलेली आहे. तिच्याकडून तार वापरायला घेतात ते आणखी मोठे, ज्यांच्याशिवाय तुमचा फोन उघडतच नाही. आणि सगळ्यांच्या वर सरकार. मला समजलं ते एवढंच की चालू करायची कळ कंपनीकडे आहे आणि बंद करायची सरकारकडे. आमच्या पाड्याकडे 'सावधान' आहे.

एकदा मनोरच्या अलीकडे रस्त्याचं काम करणाऱ्या यंत्राने तार तोडली, तर अकरा मिनिटांत तीन जीपा आल्या. नवसी डोक्यावर भारा घेऊन बघत उभी राहिली. तिने एका साहेबाला विचारलं, "आमचा इजेचा डबा जळाला तवा पाच आठवडे कुनी आलं नाय. तुमी कसं आलात?" साहेब म्हणाला, "बाई, सिंगापूरहून फोन आला." त्यावर नवसीने सिंगापूरचा नंबर मागितला होता. साहेबाने दिला नाही.

आणि एकदा वरून हुकूम आला : जिल्ह्यात दोन दिवस इंटरनेट बंद. कारण एका शब्दात दिलं होतं, शांतता. पाड्यावर कुणाला हे कळलंच नाही, कारण आमच्याकडे ती शांतता पहिल्यापासून होती. कळलं ते फक्त प्रफुल्लला. टेकाडावर तासभर फोन वर धरून उभा राहिला, फोटो काही जाईना. सरकारने बंद केलं म्हणून कंपनीच्या यंत्राने त्याला दोन दिवस गैरहजर लावलं. त्याने तक्रार करायची ठरवली. तक्रार इंटरनेटवरूनच करायची होती.

असे दिवस मजेत चालले होते. मग विहीर आली.

चिंधूच्या तुकड्यात पावसाळ्याचं भात होतं, बस. दिवाळी झाली की पाणी संपतं, आणि तो आणि नवसी भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात ते पार पुढच्या पावसाला परत. म्हातारी काशीबाई घरी एकटी. पाड्यावर माणसं असतात, तिला भाकर देतात, पण पाण्याला तिचं तिनेच जायचं. ओहोळाच्या कोरड्या वाळूत खड्डा करून पाणी काढतात, त्याला आमच्याकडे डवरा म्हणतात. गेल्या वर्षी नवसी भट्टीवरून परतली तेव्हा दारापासून डवऱ्यापर्यंत दोरी बांधलेली दिसली. म्हातारी ती धरून जात-येत होती. मधे दोरीला दोन ठिकाणी गाठी होत्या.

"गाठी कसल्या, आये?" नवसीने विचारलं.

"तितं पडले व्हते," काशीबाई म्हणाली. "आता गाठ लागली की हळू चालतंय."

 दुसऱ्या दिवशी नवसी पालघरला जाऊन सरकारी योजनेतल्या विहिरीचा अर्ज देऊन आली. आणि चिंधूला सांगितलं, "पुडल्या वरसाला मी भट्टीवर नाय जायची. तुला जायचं तर तू जा, वीट कर आन वीटच खा."

अर्ज मंजूर झाला, यावर पाड्याचा आठ दिवस विश्वास बसला नाही. अट एकच, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर मंजुरी रद्द. भाद्रपदात पंचायत समितीच्या अर्चना मॅडम फीत आणि चुना घेऊन आल्या. पाणी बघणाऱ्याने उंबराशेजारचा कोपरा दाखवला. आख्ख्या तुकड्यात पाणी असेल तर तिथेच. मॅडमनी चुन्याचा गोल काढायला घेतला, आणि गोल माझ्यावर येऊन थांबला.

त्यांनी माझं पोट वाचलं. मग हातातल्या पाटीसारख्या यंत्रावर नकाशा उघडला. नकाशात एक निळी रेघ उंबराखालून सरळ जात होती.

"काका, इथे नाही खणता येणार. तारेपासून पाच मीटर सोडावं लागतं."

"तार इथं नायच," चिंधू म्हणाला. "पलीकडं हाय. मीच खनलंय."

"नकाशात इथे आहे."

"मॅडम, नकाशा खनाय आला नव्हता. मी आलतो."

मॅडम हसल्या नाहीत, ही त्यांची चांगली गोष्ट. म्हणाल्या, "मला तुमचं पटतंय. पण माझ्या सहीला पटत नाही. तारेच्या मालकाचा ना हरकत दाखला आणा, मी लगेच सही करते."

मित्रांनो, इथून पुढे दीड महिना तारेच्या मालकाचा शोध चालला. प्रफुल्लनेच बोईसरच्या खोलीत बसून अर्ज भरला, कारण तो पाड्यावर बसून भरता आला नसता. अर्जात 'मालक निवडा' म्हणून यादी होती, तिच्यात माझ्या पोटावरची कंपनी नव्हती आणि पाठीवरचीही नव्हती. त्याने 'इतर' निवडलं. तेव्हा 'इतर'चं संमतिपत्र मागितलं. सरकारला विचारलं, तर उत्तर आलं की तार आमची नाही, परवानगी तेवढी आमची. कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की आम्ही सरकारच्या परवानगीशिवाय काही सांगू शकत नाही. दोघंही एकमेकांना फार मानतात असं दिसलं. परदेशातून एक पत्र मात्र फार प्रेमाने आलं. त्यात विहिरीबद्दल काही नव्हतं, पण आमच्याशी बोलण्याचा अनुभव कसा वाटला त्याला पाचपैकी तारे द्या, असं होतं. चिंधूने तीन दिले. म्हणाला, पत्र पाठवलं हेच खूप.

नवरात्र गेलं. वाघबारस चार दिवसांवर आली. नवसीने प्रफुल्लला ओट्यावर बसवलं आणि चहा देण्याआधीच विचारलं, "तुमच्याकडं तार शोधायचं यंत्र आसतं म्हने."

"असतं. वसईच्या ऑफिसात आहे."

"मंग आनून लाव. तार पलीकडं हाय हे दिसंल."

प्रफुल्ल म्हणाला, "मावशी, दिसेल. पण मग विचारतील, एवढी वर्षं तू कशाचे फोटो पाठवत होतास? दर महिन्याला 'दगड जागेवर' म्हणून मीच बटण दाबलंय. नकाशा चुकला तर नकाशाला कोणी काढत नाही. मला काढतील. माझ्या घरी दोन जीव आहेत."

"माज्या घरी एक हाय," नवसी म्हणाली आणि आत काशीबाईकडे पाहिलं. मग तिने चहा दिला. कप ठेवताना विचारलं, "दगडच उचलून पलीकडं लावला तर?"

"गुन्हा आहे. कंपनीच्या दगडाला हात लावला तर पोलीस केस होते."

"आन देव उचलून पलीकडं लावला तर?"

प्रफुल्लने कप खाली ठेवला.  "देवाबद्दल आमच्या नियमांत काही नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, कायदा मला पाठ आहे असं नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे. तारेचा दगड हलवला तर गुन्हा, देव हलवला तर मिरवणूक.

पण देव असा कुणाच्याही मनाने हलत नाही. त्याला विचारावं लागतं, आणि विचारायचं काम सुका भगताचं. चिंधूने सुकाला सगळं खरं सांगितलं, तार, नकाशा, विहीर, सोमवार. सुका ऐकून म्हणाला, "मी दाने टाकीन. पन एक ध्यानात ठेव. मी दान्यांना काय शिकवत नाय. नाय म्हनला तर नाय."

हे ऐकून नवसीच्या तोंडचं पाणी पळालं. कंपनी आणि सरकार यांना वळसा घालायची वाट काढली होती, आता तिसराच मालक निघाला. आणि तो मी.

वाघबारसेच्या दुपारी सगळा पाडा माझ्याभोवती जमला. सुकाने सुपात तांदूळ घेतले, चिमूटभर माझ्यापुढे टाकले आणि दोन दोन दाण्यांच्या जोड्या लावायला बसला. जोड्या पुऱ्या लागल्या तर होकार, एक दाणा उरला तर नकार. सगळे वाकून बघत होते. एक उरला.

"नाय म्हनतो," सुका म्हणाला.

पुन्हा टाकले. पुन्हा एक उरला. चिंधू म्हणाला, "तिकडं सावली नाय म्हनून आसंल. मांडव घालू." कुणी हसलं नाही. तीनदाच विचारायची रीत आहे.

तेव्हा काशीबाई गर्दीतून चाचपत पुढे आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून माझ्याशी बोलू लागली. तेरा वर्षांत ती माझ्याशी इतकी जवळून कधी बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तुजा वाघ मी काडला. चुकला आसंल तर मला बोल, पोरांवर राग काडू नको. तू रस्त्यापलीकडं जा. लांब नाय, माज्यासारकीला बी चालवंल एवडं हाय. तितनं बी गुरं दिसतात. तू गेला तर माजी सून घरी राहंल. मी काय तुला सोनं मागत नाय."

सुकाने तिसऱ्यांदा दाणे टाकले. दोन, चार, सहा. मी दगड आहे, मला मान वळवता येत नाही, त्यामुळे मलाही सुकाचं तोंड बघूनच कळायचं होतं. दहा, बारा. चौदा. सुकाने सुपाखाली बघितलं, बोटांच्या फटीत बघितलं. एकही उरला नव्हता.

"चला," तो म्हणाला. "देव तयार हाय."

मला विचाराल तर दाणे कसे पडले ते मला माहीत नाही. मी काही केलं नाही. मी कधीच काही करत नाही, आणि म्हणूनच दोन्ही नोकऱ्या टिकल्या आहेत.

पहारी घालून मला उपटलं, बांबूवर बांधलं आणि चौघांनी खांद्यावर घेतलं. पुढे तारपा वाजू लागला, मागे बाया गात निघाल्या. रस्ता ओलांडायचा म्हणजे वीस पावलं, पण देव वीस पावलं सरळ जात नाही, त्याने गोल घेत, नाचत जायचं असतं. दिवाळीच्या सुट्टीला केळव्याला निघालेल्या मोटारी उभ्या राहिल्या. तारापूरहून आलेला एक टँकर उभा राहिला. एक पोलीस मोटरसायकलवरून आला, त्याने गर्दी पाहिली, शेंदूर पाहिला, आणि दोन्ही हात पसरून दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या. म्हणजे, मित्रांनो, तारेचा दगड हलवण्याचा गुन्हा शासनाच्या संरक्षणात पार पडला. मोटारींतली माणसं खाली उतरून माझे व्हिडिओ काढत होती. ते पुढे रेंजमध्ये गेल्यावर जगभर गेले असतील, आणि जाताना माझ्याच खालून गेले असतील. पण मी तेव्हा जागेवर नव्हतो.

पलीकडे चिंधूने पावलं मोजून जागा ठरवली आणि खणायला लागला. मांडीएवढ्या खोलीवर पहार टणकन वाजली. त्याने वाकून हाताने माती सारली. खाली विटांची रांग होती, तारेवर संरक्षणासाठी मांडतात तशी, एका कडेला एक वीट आडवी.

"ही आडवी मी लावली व्हती," चिंधू म्हणाला. "त्या दिशी कमी पडली म्हनून."

प्रफुल्ल गर्दीत होता. तो पुढे आला, विटेकडे बघत राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग कुणाला काही न सांगता स्वतःच्या हाताने माती परत लोटली, आणि माझा खालचा भाग नीट उभा धरला.

मग त्याने माझा फोटो काढला. कंपनीच्या यंत्राने विचारलं, दगड आधीच्या जागेवर नाही, कारण निवडा. चार कारणं होती. रस्त्याचं काम, पावसाचा लोंढा, वाहनाची धडक, प्राणी. 'इतर' नव्हतं. प्रफुल्लने माझ्या पोटावरच्या गेरूच्या वाघाकडे पाहिलं आणि 'प्राणी' दाबलं. टेकाडावर जाऊन पाठवलं. तो खाली उतरेपर्यंत उत्तर आलेलं होतं : मंजूर. नकाशावरची निळी रेघ उंबराखालून उठली आणि रस्त्यापलीकडे जाऊन बसली. चिंधू तेरा वर्षं सांगत होता ते कुणाला ऐकू गेलं नाही. वाघाने सांगितलं ते परदेशात एक चहा होण्याच्या आत पोचलं.

अर्चना मॅडम शुक्रवारी आल्या. उंबराजवळ थांबल्या. रिकाम्या खड्ड्याकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे माझ्याकडे, मग नकाशाकडे.

"हा दगड आधी इकडे होता ना, आजी?"

"देव हाय, बाय," काशीबाई म्हणाली. "एका जागी किती दिस बसंल."

मॅडमनी फीत लावली. बावीस मीटर भरलं. त्यांनी कागद मांडीवर घेतला, सही केली, आणि जाताना चपला काढून मला नमस्कार केला. तो देवाला होता की तारेला, ते मी विचारलं नाही.

सोमवारी काम सुरू झालं. वरचा पाषाण चार दिवस त्रास देत होता, या वेळी तो हरला. सव्वीस फुटांवर ओल आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलेल्या चिंधूने ओरडून सांगितलं की पाय बुडाले. नवसीने पहिली कळशी काशीबाईला दिली. म्हातारीने घोटभर तोंडात घेतलं, घोळवलं आणि म्हणाली, "मातीचा वास येतोय. चांगलं हाय." त्या वर्षी भट्टीचा ट्रक पाड्यावर आला, तेव्हा नवसी विकायच्या मोगऱ्याची रोपं लावत होती. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तिने मातीच्या हाताने त्याला जा म्हणून सांगितलं.

आता मी खरं बोलतो. खाली तार आहे म्हणतो, आणि खरोखर असते. सवय नसल्यामुळे सुरुवातीला जड गेलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. तारांची आणि नकाशांची काळजी घ्या असं मी सांगणार नाही, त्यासाठी फार मोठी माणसं नेमलेली आहेत. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्याही हातात नकाशे येतील. तेव्हा रेघेवर सही करण्याआधी एकदा त्या जागी जा, आणि जवळपास जो कुणी हातात पहार घेऊन उभा असेल त्याला विचारा की बाबा, इथे खाली काय आहे. त्याला माहीत असतं. त्याला फक्त कुणी विचारलेलं नसतं.

आणि कधी मनोरच्या रस्त्याने गेलात, ऊन असेल आणि तहान लागली, तर उंबर दिसला की थांबा. पाणी मागा. नवसी घरीच असते, बारा महिने.